सलोमीमावशीनं विहिरीवर ठेवलेला हात

रोज सकाळी गॅस पेटवण्याआधी सलोमीमावशी दुधाच्या पातेल्यावर तळहात टेकवायची, डोळे मिटायची आणि तिचे ओठ हलायचे. शब्द ऐकू येत नसत. मग ती काडी ओढायची. दिवसभर हेच चाले. कुलूप लावताना कुलपावर हात, रिक्षात बसल्यावर पुढच्या दांडीवर हात, चिरायला घेण्याआधी भाजीवर हात. जालन्यात चर्चच्या मागच्या खोल्यांमध्ये आम्ही शेजारी राहायचो. लहानपणी आम्ही पोरी तिची नक्कल करायचो आणि ती हसायची.

"मावशी, भेंडीसाठी काय मागायचं असतं?"

"किडकी निघू नये, एवढंच."

ती एका दवाखान्यात आया होती. तिथंही पेशंटच्या खाटेच्या लोखंडी दांडीवर तिचा हात जायचाच. डॉक्टरीणबाई घाईत असायच्या. "सलोमी, तुझं झालं असेल तर सलाईन लावू का?" असं त्या विचारायच्या आणि मावशी म्हणायची, "लावा बाई, झालं." तिच्या नवऱ्याला, याकोबकाकांना, मिलमधल्या भट्टीच्या धगीनं दमा जडला होता. ते गेले तेव्हासुद्धा तिनं त्यांच्या कपाळावर नाही, खाटेच्या दांडीवरच हात ठेवलेला मी पाहिला. मुलगा पुण्याला. रविवारी उपासना सुटली की त्याचा फोन यायचा, ती अंगणात उभी राहून बोलायची.

मावशी गेल्या मे महिन्यात गेली. शोकसभेत तिच्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. कुणीतरी पुराचा विषय काढला आणि म्हणालं, सलोमीबाईंनी तहानलेल्यांना पाणी पाजलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मी त्या गावात तिच्याबरोबर होते. तिनं पाणी पाजलं नाही. पाजता आलं नाही. तेवढं नीट लिहिलेलं असावं, म्हणून हे.

गावाचं नाव लिहीत नाही. केदारखेड्याच्या पुढं, नदीच्या वळणावरचं लहान गाव. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि नाव कळलं की वाचणारा त्यांना वाईट ठरवून मोकळा होतो.

सप्टेंबरच्या शेवटी नदी त्या गावात शिरली आणि दोन दिवस घरांमधून हिंडून परत गेली. आमच्या चर्चच्या मंडळीनं मदत न्यायचं ठरवलं. महिला संघाच्या बायकांनी चर्चच्या व्हरांड्यात बसून तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण, मेणबत्त्यांच्या पिशव्या बांधल्या. पाळकसाहेब फार जपून वागणारे. त्यांनी निघताना सगळ्यांना बजावलं: पिशव्यांवर क्रूस छापायचा नाही, पत्रकं द्यायची नाहीत, शुभवर्तमानाची पुस्तकं घरीच ठेवायची, आणि गावात कुणी मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. "आपण डाळ-तांदूळ घेऊन चाललोय, तेवढंच दिसू द्या."

मावशीला यात कसलीच अडचण नव्हती. ती मोठ्यानं प्रार्थना कधीच करत नसे.

जीप महेमूदभाईंची. जाफराबादच्या रस्त्यावर ते काळीपिवळी चालवतात. त्यांनी भाडं नको म्हटलं, डिझेल तेवढं टाका म्हणाले. मावशी पुढं बसली आणि तिनं सवयीनं दांडीवर हात ठेवला, तशी ते म्हणाले, "मावशी, जरा ब्रेकवर बी ठेवा. ढिले हैत."

"ढिले असतील तर मेकॅनिककडं जायचं. मी काय मेकॅनिक आहे?"

"बराबर," महेमूदभाई म्हणाले आणि गाडी काढली.

गावाच्या अलीकडं नदीवर एक ठेंगणा पूल आहे. तो तेव्हा नुकताच उघडा पडला होता. त्याच्या कठड्यांना पाचटाच्या, कपाशीच्या झाडांच्या, कुणाच्या तरी साडीच्या जुड्या अडकलेल्या. गावात भिंतींवर कमरेच्या वर चिखलाची एक सरळ रेघ उठली होती, सगळ्या घरांवर सारख्या उंचीची. लोक बाजा, गाद्या, भिजलेलं धान्य उन्हात मांडून त्यांच्याजवळ नुसते बसलेले. कुणी रडत नव्हतं. पिशव्या वाटताना गडबड झाली नाही. प्रत्येकानं आपली घेतली आणि शेजारच्या म्हातारीची कुठंय, ते विचारलं.

पिशवी घेताना झुंबरबाईंनी मावशीचा हात धरून ठेवला. म्हातारी बारीक, वाकलेली, तोंडात दातांचा पत्ता नाही. "ही डाळ शिजवायला लाकडं बी आणायची व्हती की गं बाई," त्या म्हणाल्या. "समदं सरपण वल्लं झालं. का तुमच्या गावाकडं कच्चीच खात्यात?"

"लाकडं आणली असती, तर तुम्ही म्हणाल्या असत्या काडेपेटी कुठंय."

"म्हणलेच असते." झुंबरबाई हसल्या आणि मावशीला ओढून ओट्यावर बसवलं. त्यांचा मुलगा कारभारी आणि सून दैवशाला आतून चिखल काढत होते. दैवशालानं चहा आणला. साखर पुरात विरघळून गेलेली, म्हणून बिनसाखरेचा. मावशी तो प्याली. जातीपातीचं, धर्माचं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, चहाच्या कपावरही नव्हतं.

अंगद हा पंचायतीचा शिपाई. पुरात त्याच्या पायात पत्रा घुसला होता. तो समाजमंदिराच्या पायरीवर पाय पसरून बसलेला. मावशीनं जखम धुऊन पट्टी बांधली आणि विचारलं, गाव पाणी कुठलं पितं. नळयोजनेची मोटर जळाली होती आणि हापशाची दांडी हलली तरी त्यातून नुसता गाळ येत होता. राहिली गावची विहीर. तिचा कठडा उंच, पुराचं पाणी कठड्याला लागून मागं फिरलेलं. दर महिन्याला तिच्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायचं काम अंगदचं होतं.

"टाकायला पायजे आता, पूर आल्ता म्हणल्यावर," तो म्हणाला. "पर हा पाय घेऊन मी कठड्यावर कसा चढू? बाई, तुमाला येतं का?"

"दवाखान्यात जन्म गेला माझा."

"मंग गोणी हापिसात कपाटावर हाय. वर व्हती म्हणून वाचली."

उन्हं उतरायला लागली होती. मावशीनं बादलीत पावडर कालवली, खाली साका बसू दिला, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतलं आणि दोर बांधून ती बादली कठड्यावर ठेवली. मग ती थांबली. उजवा तळहात कठड्याच्या दगडावर टेकवला, डोळे मिटले. ओठ हलले. दुधाच्या पातेल्यावर लागायचा तेवढाच वेळ. मग तिनं बादली आत सोडली आणि वरखाली करून पाणी ढवळलं.

"रात्रभर राहू द्या," तिनं जमलेल्या बायकांना सांगितलं. "सकाळी बिनघोर भरा."

विहिरीपलीकडच्या लिंबाखाली बद्रीनाथ नावाचे एक आजोबा बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

त्या रात्री आम्ही शाळेच्या खोलीत राहिलो, कारण चिखलात जीपचं चाक रुतून वेळ गेला होता. सकाळी उठलो तर पूल पुन्हा पाण्याखाली. आमच्याकडं थेंब पडला नव्हता, वरच्या अंगाला पाऊस झाला होता. महेमूदभाई पुलापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "आता दोन-चार दिवस इथलेच आपण. मी म्हणलं व्हतं ना, ब्रेकवर हात ठेवा."

मावशी विहिरीकडं निघाली होती. बायका घरांतून हंडे-कळशा घेऊन निघत, विहिरीजवळून जात आणि पुढं ओढ्याकडं उतरत. विहिरीवर कुणी नव्हतं.

"अगं, पाणी तयार आहे की इथं," मावशीनं एकीला हाक मारली. तिनं पदर सारखा केला आणि चालत राहिली. दुसरीनं मान खाली घातली. दैवशालाही आली. तिनं मात्र थांबून मावशीकडं पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मागून सासऱ्याच्या वयाचं कुणी येताना दिसलं तशी तीही ओढ्याकडं गेली.

ओढ्याच्या वरच्या वळणाला वाहून आलेली जनावरं अडकली होती. वारा फिरला की वास यायचा.

थोड्या वेळानं कारभारी आला. टोपी काढून हातात धरलेली. तो मावशीकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत बोलत होता.

"बाई, राग मानू नका. काल तुम्ही विहिरीवर काय केलं?"

"पावडर टाकली. अंगदला विचारा."

"पावडर न्हाई. त्याच्या आधी. बद्रीनाथबाबा म्हणून राह्यलेत का तुम्ही हात ठिवला, डोळे झाकले, काहीतरी पुटपुटलं, अन् मंग पांढरं टाकलं."

बद्रीनाथ आजोबांनी एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. तिनं हात ठेवला होता. डोळे मिटले होते. पुटपुटली होती. मग पांढरं टाकलं होतं. क्रमही बरोबर होता.

"प्रार्थना केली," ती म्हणाली. "मी सगळ्याआधीच करते. चहा ठेवण्याआधीसुद्धा."

"तेच की." कारभारीनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही ख्रिस्ती हाय हे कुणाला ठावं नव्हतं. आता कळलं. लोकं म्हणत्यात, पूर्वी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवायचे. आता पाव न्हाई, पीठ टाकत्यात."

"कारभारीभाऊ, ती टीसीएल तुमच्या पंचायतीची आहे. तुमच्या कपाटावरची."

"मला ठावं हाय. मी मूरख न्हाई बाई. पर माझी पोरगी लग्नाची हाय. जामखेडची सोयरीक चालू हाय. मी पेलो अन् बाकीच्यांनी न्हाई पेलं, तर मी एकटा कुठं जाऊ?"

मी उत्तर शोधत होते. मला वाटत होतं, असं काही वाक्य असेलच, जे म्हटल्यावर हे सगळं हास्यास्पद ठरून संपेल. मावशीनं शोधलं नाही. ती विहिरीवर गेली, पोहरा सोडला, पाणी काढलं आणि तिथं जमलेल्यांच्या देखत ओंजळीनं पोटभर प्याली. एक म्हातारा सौम्यपणे म्हणाला, "तुम्ही पिणारच की बाई. तुम्ही तर आधीच त्यातल्या."

मीही प्याले. माझंही तेच झालं. मग महेमूदभाई पुढं झाले, गटागटा प्याले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बघा, अजून मुसलमानच हाय मी. घरी जाऊन बायकोला विचारा पाहिजे तर."

लोक हसले. एक-दोघं तर चांगलेच हसले. आणि पाणी कुणीच भरलं नाही.

पाळकसाहेबांनी मोठ्यानं प्रार्थना करू नका म्हटलं होतं, आणि मावशीनं ते पाळलं होतं. मी त्या दिवशी पुन्हा पुन्हा हाच विचार करत राहिले. मोठ्यानं केली असती, तर बद्रीनाथ आजोबांना ती ऐकू तरी आली असती. त्यांनी गावाला सांगितलं असतं, ती अमुक अमुक म्हणाली. न ऐकू आलेल्या शब्दांच्या जागी गावानं आपले शब्द भरले होते. आता ती काय म्हणाली हे मावशीनं सांगून उपयोग नव्हता.

पाणी उकळून प्या, एवढं ती घरोघर सांगत फिरली. सरपण ओलं होतं, जळता जळेना. ज्यांच्या सिलिंडरात गॅस उरला होता त्यांनी पहिला दिवस उकळलं. नंतर तो स्वयंपाकाला राखला. आम्ही आणलेल्या पाण्याच्या बाटल्या आल्या दिवशीच संपल्या होत्या. गावची आशा सेविका शिवकन्या माहेरी अडकलेली. फोन लागला की ती तिकडून ओरडून सांगायची, "मी येते मावशी, पूल उघडला की लगेच येते, तवर ओआरएस द्या." पाकिटं अंगदच्या कपाटात होती, सरकारी शिक्क्याची. ती लोकांनी बिनतक्रार घेतली. आणि ओढ्याच्या पाण्यात कालवली.

दुसऱ्याच दिवशी जुलाबाचे पेशंट सुरू झाले. जवान माणसं सावरत होती. झुंबरबाई नाही सावरल्या.

दैवशालानं बोलावलं म्हणून आम्ही गेलो. म्हातारी बाजेवर मुटकुळं करून पडली होती. मावशीनं तिच्या हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच वर उभी राहिली, खाली बसली नाही; अंगातलं पाणी आटलं होतं. मावशीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं दवाखान्यात हे किती वेळा पाहिलं असेल आणि किती वेळा डॉक्टरीणबाईंना हाक मारली असेल. इथं हाक मारायला कुणी नव्हतं. सलाईन नव्हतं. जे हवं होतं ते विहिरीत काठोकाठ भरलेलं होतं, चार घरं पलीकडं.

"कोण आलंय?" झुंबरबाईंनी विचारलं.

"मी सलोमी."

"कच्ची डाळ खाणारी व्हय." आवाज खोल गेलेला, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. थोडं थांबून त्या म्हणाल्या, "काय मागितलं व्हतं तू तुझ्या देवाला, विहिरीपाशी?"

"पाणी चांगलं होऊ दे म्हटलं. कुणाला बाधू नये."

"एवढंच?"

"एवढंच, आत्या."

"मंग यात वंगाळ काय मागितलं." त्यांनी जिभेनं ओठ ओले करायचा प्रयत्न केला. जीभ कोरडीच होती. "दे मला. मी पिते. मला काय आता, माझं काय लगीन व्हायचं राह्यलंय का?"

मावशीनं मला पाठवलं. मी विहिरीवरून तांब्या भरून आणला, मावशीनं त्यात मीठ-साखर कालवली. ती साखर आमच्या शिदोरीतली. पेला भरून ती बाजेजवळ बसली तेव्हा कारभारी दारात येऊन उभा राहिला.

तो ओरडला नाही. त्यानं हात जोडले.

"बाई, मी पाया पडतो. असं करू नका."

"कारभारीभाऊ, बघा त्यांच्याकडं. यांना पाणी नाही मिळालं तर उद्याची..." मावशी थांबली. "त्या स्वतः मागतायत."

"तिला कळत न्हाई आता. ती तापाच्या भरात हाय. माय गेली तर देवानं नेली म्हणंन मी. पर तुमच्या हातचं ते पाणी पिऊन गेली, तर तिला खांदा द्यायला माणूस येणार न्हाई. मंग मी काय करू सांगा. तुम्ही उद्या जाल निघून."

"मला समदं कळतं रं," झुंबरबाई बाजेवरून म्हणाल्या. "लई शहाणा झाला." मग त्यांना उमासा आला आणि दैवशाला त्यांना धरायला धावली.

पेला मावशीच्या हातात होता. तिचा हात आणि म्हातारीचं तोंड यांच्यात वीतभर अंतर असेल. कारभारी दारात होता, तो आडवा आला नसता. मला खात्री आहे, तो आडवा आला नसता. मावशीला ते पाजता आलं असतं. नंतर किती तरी वेळा मी मनात तिच्या हातातून तो पेला घेतला आणि पुढं केला.

तिनं तो खाली ठेवला. जमिनीवर, बाजेच्या पायाशी, सांडणार नाही असा. नंतर परत जाताना ती एवढंच म्हणाली, "मी पाजलं असतं तर ते म्हणतात ते मग खरं झालं असतं. न विचारता केलं असतं." आणि काही पावलं गेल्यावर, "पण ती मागत होती." या दोन वाक्यांच्या मध्ये ती पुढं कायमची राहिली, असं मला वाटतं.

शेवटी गावानंच तोड काढली. विहीर उपसायची. ते पाणी सगळं बाहेर काढून टाकायचं, झऱ्याचं नवं पाणी येऊ द्यायचं आणि पावडर आपल्या माणसानं टाकायची. कुणाचा अपमान नाही आणि कुणाच्या मनात किंतू नाही. डिझेल इंजिन पुरात बुडालेलं होतं. ते उघडून, पुसून, वाळवून सुरू करण्यात महेमूदभाईंचा अख्खा दिवस गेला. दुसऱ्या सकाळी ते धडधडायला लागलं.

पाईपातून पाणी उसळलं आणि गल्लीतून वाहू लागलं. निवळ, थंड, त्याला पावडरीचा किंचित वास. बायका धावत आल्या. चिखलानं भरलेली भांडी त्या पाण्यात घासली, गोधड्या धुतल्या, उंबरे धुतले. पोरं त्याच्यात नाचली. कितीतरी दिवसांनी गावात मोकळं हसणं ऐकू आलं. महेमूदभाई इंजिनजवळ काळ्या हातांनी उभे होते. ते माझ्याजवळ येऊन हळू म्हणाले, "भांडी घासायला चालतं व्हय? मंग त्याच भांड्यात जेवणार हैत ना?"

मावशी शाळेच्या पायरीवर बसून होती. तिला कुणीतरी अदबीनं सांगितलं होतं, मावशी, तुम्ही तेवढं विहिरीकडं येऊ नका. तिच्या चपलेला लागून ते पाणी वाहत ओढ्याकडं चाललं होतं आणि ती बघत होती.

इंजिन चालू असतानाच दैवशालाच्या रडण्याचा आवाज आला. त्या धडधडीत तो आधी कुणाला ओळखू आला नाही.

झुंबरबाईंना खांदा द्यायला सगळं गाव होतं. मावशी रस्त्याच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. कारभारी मडकं धरून पुढं चालला होता. आमच्याजवळून जाताना त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मला वाटतं, त्याला तिची क्षमा हवी होती आणि तिला त्याची. आणि मागायची कशी, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूल उघडा पडला. शिवकन्या गुडघाभर चिखल तुडवत आली. तिनं त्याच गोणीतली पावडर, त्याच बादलीत कालवून विहिरीत सोडली आणि बायकांना ओरडून सांगितलं, भरा गं आता. संध्याकाळी विहिरीवर हंड्यांची रांग होती. आम्ही जीपमधून निघताना ती दिसली. महेमूदभाईंनी काही गंमत केली नाही. मावशी पुढं बसली होती.

जालन्यात परतल्यावर तिनं मंडळीत सांगितलं, सामान नीट पोचलं, लोकांनी मानानं घेतलं. खोटं काही नव्हतं. महिला संघानं टाळ्या वाजवल्या. हिवाळ्यात तिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी हृदय मोठं झालंय म्हटलं. त्यावर पाळकसाहेब चांगलं काहीतरी बोलले, आणि ती म्हणाली, "नाही साहेब, ते झडपेमुळं होतं."

मेच्या पहिल्या आठवड्यात दैवशाला आली. विचारत विचारत चर्चमागच्या खोल्यांपर्यंत पोचली होती. मी मावशीला औषध द्यायला आले होते, म्हणून तिथं होते. ऊन जाळत होतं. दैवशालाच्या पदराला घामाचे डाग पडलेले, कडेला खरेदीच्या पिशव्या, हातात रिकामी प्लास्टिकची बाटली. पोरीचं लग्न जमलं होतं, जामखेडलाच. बस्ता बांधायला जालन्याला आले होते. कारभारी दुकानातच थांबला होता. तिनं पत्रिका आणली नव्हती. पेढे आणले होते.

"लई मनात व्हतं यायचं," ती म्हणाली. "जमतच नव्हतं."

"बरं झालं आलीस. पोरगी खूश आहे ना?"

"हाय. जावई मोबाईलच्या दुकानात हाय."

मावशीनं पेढा खाल्ला. मग आपल्याकडं कुणी आलं की उठतात तशी ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, पाणी आणते आहे. ती माठापाशी उभी राहिलेली मला दिसत होती. पेला तिनं हातात घेतला होता. बाहेर दैवशाला बाटलीचं झाकण फिरवत होती, उघडायची आणि लावायची. तिनंही मावशीला पाहिलं असणार. तिच्या मनात काय होतं मला माहीत नाही. कदाचित ती प्यालीही असती. कदाचित त्याचसाठी ती आली होती. विचारलं असतं तर कळलं असतं, पण विचारायचं म्हणजे तिच्यावर पुन्हा तीच वेळ आणायची.

मावशी रिकाम्या हातानं बाहेर आली. लग्नाचं, उन्हाचं, झुंबरबाईंच्या वर्षश्राद्धाचं थोडं बोलणं झालं. मग दैवशाला पिशव्या उचलून उठली. मावशी भिंतीला धरत दारापर्यंत गेली.

त्याच रात्री तिला दवाखान्यात न्यावं लागलं. नंतरच्या दिवसांत ती जे बोलली ते आजारातलं, तुटक, अर्धं याकोबकाकांशी. नेहमीच्या आवाजातलं, नेहमीसारखं शेवटचं बोलणं ते दारातलंच. दैवशाला पायरी उतरली होती, मावशीनं तिला हाक मारून थांबवलं.

"बाटली रिकामी आहे गं तुझी. स्टँडवर नळ आहे, तिथं भरून घे. रस्त्यात कुठं पाणी नाही मिळायचं."